वीस पाउंड हवा

फ्रिज गेला तेव्हा शिरीष म्हणाला,
भंगारवाला साडेआठशे देतोय.
मी म्हटलं, देऊ, पण पोटातलं मी ठेवणार.

रईसभाईंनी तो काळा गोळा सोडवला,
स्कूटरवर दोन पायांत धरून जुन्या इंदूरहून आणला.
"भाभी, अब ये ठंडा नहीं करेगा."
गार नकोच आहे, फुंकर हवीय.
त्यांनी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला,
गोळा गुरगुरला, अंगठा उडाला.
"लो. फूँक."

मग सियागंज. प्रेशरचं घड्याळ एक,
पाणी अडवणारी वाटी एक,
पितळी जोड, टेफ्लॉनची टेप.
दुकानदार म्हणे, पंक्चरचं दुकान टाकताय का?
एअरब्रश मात्र पार्सलनं आला, चौदाशे नव्वदला,
चष्म्याच्या घराएवढ्या पेटीत, खाचेत निजलेला:
एक पेन, निब नाही, सुई आहे.

दिवसभर मी बँकेत नोटा मोजते.
शंभरावी कुठली ते बोटाला कळतं, बघावं लागत नाही.
तेच बोट आता पुन्हा बालवाडीत.
खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग.
सुरू करताना हवा आधी,
थांबताना रंग आधी,
नाहीतर तो टोकाशी दबा धरून बसतो
आणि पुढच्या खेपेला थुंकतो.

कालच्या पेपरवर, टेंडर नोटिसांवर,
मी आठवडाभर नुसती टिंबं काढली.
फार जवळ गेले: टिंबाला कोळ्याचे पाय फुटले.
फार लांब राहिले: रंग वाटेतच वाळून
कागदावर पिठासारखा बसला.
दुधाइतका पातळ करा, सगळे सांगतात.
कुठलं दूध? म्हशीचं, की पाकिटातलं?
शेवटी ताक आठवलं,
भांड्याच्या कडेवरून ओघळताना
मागे जी पुसट साय सोडतं, तेवढं.

मे महिन्यात सुईवर रंग दर मिनिटाला सुकायचा.
कूलर लावला तर वाटीत पाणी साचलं
आणि टेम्पोच्या टपावर घामाचे थेंब पडले.

हो, टेम्पो. प्लास्टिकच्या पत्र्याचा, वीतभर लांब.
राजवाडा ते पलासिया, गुडघ्याला गुडघा,
मागच्या फळीवर लटकलेला पोऱ्या
पत्रा बडवून ओरडायचा, "चल भिया, चल."
त्याचा पिवळा मला हवा होता.
शिरीष म्हणतो हळदीचा. माझी नणंद म्हणते मोहरीचा.
मी सात बाटल्या मिसळल्या. सातही
त्या पिवळ्याच्या शेजारच्या घरात राहणाऱ्या.

एकदा धुताना सुई निसटून फरशीवर पडली.
टोकाला केसाएवढा आकडा.
डोळ्यांना दिसला नाही, नखाला लागला.
त्या दिवशी मी जेवले नाही, असं शिरीष सांगतो.
जेवले होते. बोलले नव्हते.

आज करोनातला उरलेला मास्क लावून
गॅलरीत बसले. घड्याळात वीस पाउंड.
पहिला हात इतका विरळ
की काही झालंच नाही असं वाटतं.
दुसरा हात. अजूनही नाही.
घाई करणारं बोट मी दाबून धरते.
तिसऱ्याला पत्र्याच्या कडा हळूच उजळू लागल्या.

दर दहा मिनिटांनी गोळ्यावर तळवा ठेवते.
चटका बसला की बंद, चहाची वेळ.
एकोणीस वर्षं हा असाच तापत होता,
भिंतीकडे तोंड करून,
आणि आम्ही फक्त पुढचं दार उघडत होतो.

नवा फ्रिज आवाज करत नाही.
रात्री मी गॅलरीत स्विच दाबला
तर शिरीष झोपेतच उठून आला,
नेहमीच्या कोपऱ्यात उभा राहिला,
अंधारात हँडल चाचपत.
पाणी तिकडे आहे, मी म्हटलं.
तो तिकडे न जाता माझ्याकडे आला.
टेम्पोकडे वाकून बघितलं.
"जरा लाल घाल," म्हणाला, "किंचित."